नेम कुठे धरला होता? हिरोशिमा ते कोकुरा

जपानला जाणारी आपली मंडळी टोकियो, फुजी, क्योतो, ओसाका करतात आणि हिरोशिमा सकाळी जाऊन संध्याकाळी उरकतात. आम्ही उलटं केलं. नोव्हेंबरात ओसाकाला उतरलो ते थेट शिनकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, हिरोशिमा गाठलं. आम्ही म्हणजे मी आणि मामा. मामा तोफखान्यातून कर्नल म्हणून निवृत्त झाला, मधली काही वर्षं देवळालीच्या तोफखाना शाळेत शिकवत होता. "बॉम्ब टाकला नसता तर दुप्पट माणसं मेली असती," हे त्याचं वाक्य मी शाळेत असल्यापासून ऐकतेय आणि तेव्हापासून मला ते पटत नाही. शेवटी मामीच म्हणाली, "जा एकदाचे दोघं आणि काय ते तिथे भांडा."

सोमवार, हिरोशिमा

स्टेशनबाहेरून ट्राम पकडली. या शहराची ट्राम बॉम्बनंतर तिसऱ्याच दिवशी, म्हणजे ९ ऑगस्टला, छोट्याशा टप्प्यावर पुन्हा सुरू झाली होती. पुरुष आघाडीवर गेलेले, त्यामुळे ट्राम चालवायला कंपनीच्याच शाळेतल्या मुली होत्या. ६५१ आणि ६५२ क्रमांकाच्या त्या वेळच्या गाड्या अजून धावतात. बघायच्या असतील तर सकाळच्या गर्दीच्या वेळी थांब्यावर उभं राहा.

बॉम्बमधून वाचलेला तो घुमट फोटोत दिसतो त्यापेक्षा लहान आहे. यान लेत्सेल या चेक वास्तुविशारदाने १९१५ साली बांधलेली ही प्रदर्शनाची इमारत. मामाने तिच्याकडे जेमतेम पाहिलं आणि नकाशा उघडून पलीकडच्या आयोई पुलावर गेला. पूल टी आकाराचा आहे. ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी बॉम्ब टाकणाऱ्या 'एनोला गे' विमानाने नेम धरला तो याच पुलावर. सव्वाआठला बॉम्ब साधारण ६०० मीटर उंचीवर फुटला, पुलापासून थोडा हटून, शिमा रुग्णालयाच्या डोक्यावर. ते रुग्णालय आजही त्याच गल्लीत चालू आहे. बाहेर हातभर उंचीचा एक फलक आहे, शेजारी गाड्या लावायची जागा. आम्ही उभे असताना एक बाई सायकलवरून पोराला घेऊन गेल्या, फलकाकडे न बघता. रोजच्या रस्त्यावर कोण बघणार?

मामा पुलाच्या कठड्याला टेकून बराच वेळ नकाशाशी खुडबुड करत होता. हिरोशिमा लष्करी ठाणं होतं हे तो नेहमी सांगतो आणि ते खरंच आहे. दुसऱ्या महासेनेचं मुख्यालय इथे होतं. उजिनाच्या धक्क्यावरून चीनला फौजा जात. १८९४ च्या चीनविरुद्धच्या युद्धात तर सम्राटाचं सर्वोच्च मुख्यालयच इथल्या किल्ल्यात होतं. पण धक्का दक्षिणेला पार समुद्राशी, महासेनेचं मुख्यालय स्टेशनच्या मागे, आणि पूल मात्र गावाच्या ऐन मध्यावर.

"मामा, तुझ्या पोरांनी धक्का पाडायचा म्हणून इथे नेम धरला असता तर?"

"नापास केलं असतं," तो म्हणाला. मग लगेच, "पण एवढ्या मोठ्या बॉम्बला नेमाचं काय महत्त्व?"

"तेच तर म्हणतेय मी."

रात्री ओकोनोमियाकी. लोखंडी तव्यावर पिठाचा पातळ घावन, त्यावर कोबीचा डोंगर, मोड आलेली कडधान्यं, नूडल्स, वर अंडं, आणि तो अख्खा डोंगर आजी दोन उलथन्यांनी एका झटक्यात पालथा घालते. युद्धानंतर मदतीच्या गव्हाच्या पिठातून हा पदार्थ घरोघरी वाढला. बऱ्याच दुकानांच्या नावामागे 'चान' असतं, कारण विधवा झालेल्या बायकांनी घराच्या ओट्यावर आपल्याच नावाने ती सुरू केली, असं इथे सांगतात. शाकाहारींसाठी: "निकु नाशी, कात्सुओबुशी नाशी" म्हणजे मांस नको, माशाचा कीस नको. अंडं चालत असेल तर पोटभर जेवाल. मामाने ऑयस्टर घातलेली मागवली. नोव्हेंबर म्हणजे त्यांचा हंगाम.

मंगळवार, शांती उद्यान

संग्रहालयाचं तिकीट २०० येन. ऑनलाइन वेळ राखून ठेवा आणि दहाच्या आत किंवा अगदी संध्याकाळी जा, मधल्या वेळी शाळांच्या सहलींमुळे काचेपर्यंत पोचता येत नाही.

तीनचाकी सायकल सगळ्यांनी वाचलेली असते. शिनइची तेत्सुतानी नावाचा मुलगा, चार वर्षांचाही नव्हता. वडिलांनी त्याला सायकलसकट अंगणात पुरलं आणि ४० वर्षांनी ती काढून संग्रहालयाला दिली. मी तिच्यासाठी मनाची तयारी करून गेले होते. डब्यासाठी नव्हती केली. शिगेरू ओरिमेन हा माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्गातला मुलगा. आगीचे पट्टे मोकळे करायला घरं पाडण्याच्या कामावर शाळाच्या शाळा जुंपल्या होत्या, त्यात तोही होता. आईला त्याचं शव सापडलं ते डब्यावरून. डब्याचं झाकण वाकलंय, आत कोळसा. भात कुठे आणि भाजी कुठे तेवढं मात्र अजून वेगळं कळतं.

दुपारी एका 'देन्शोशा' बाईंचं इंग्रजीतलं कथन ऐकलं. वाचलेली माणसं आता फार थकली, म्हणून शहर २०१२ पासून दुसऱ्यांना तयार करतं. एकेका वाचलेल्याची कहाणी त्याच्याकडून शिकून घ्यायची आणि त्याच्या वतीने सांगायची. प्रवेश मोफत, वेळापत्रक दाराशीच लावलेलं असतं. नक्की बसा. कथन संपल्यावर मामाने सरळ विचारलं, अमेरिकेचा राग येतो का? बाई म्हणाल्या, मी जिची गोष्ट सांगते तिचा राग आधी स्वतःच्या सरकारवर होता. तेरा वर्षांच्या मुलींना त्या कामावर पाठवणाऱ्या सरकारवर, आणि १९५७ पर्यंत उपचाराचा कायदासुद्धा न करणाऱ्या सरकारवर. मग किंचित थांबून त्या म्हणाल्या, अमेरिकेचाही होताच. हिजियामा टेकडीवरच्या अमेरिकन आयोगाने तिला नेऊन तपासलं, रक्त घेतलं आणि औषध न देता घरी सोडलं.

त्या आयोगाचं काम असंच चाले: अभ्यास, उपचार नाही.

केन्झो तांगे यांनी उभारलेल्या स्मृतिशिळेवर लिहिलंय, शांतपणे विसावा घ्या, ही चूक पुन्हा होणार नाही. १९५२ च्या नोव्हेंबरात आपले न्यायमूर्ती राधाबिनोद पाल इथे आले आणि या ओळीवर भडकले. बॉम्ब जपान्यांनी टाकला नाही, मग चुकीची कबुली ते का देतायत? युद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या टोकियो खटल्यात सगळ्या आरोपींना निर्दोष ठरवणारे एकटे न्यायाधीश ते हेच पाल. तेव्हापासून या ओळीवर वाद आहे. शहराचं म्हणणं असं की इथे सगळी मानवजात बोलतेय. मामा या बाबतीत पालबाबूंच्या बाजूने, म्हणजे बॉम्बच्या बाबतीत अमेरिकेच्या बाजूने असूनही! मला पालांचं अर्धंच पटतं. अणुबॉम्ब हाही गुन्हा होता हे त्यांनी १९४८ मध्ये, जेते न्यायासनावर बसलेले असताना लिहिलं, त्याला छाती लागते. पण तेवढ्याने आरोपी सुटत नाहीत. युद्धात मेलेल्यांच्या स्मरणार्थ असलेल्या टोकियोच्या यासुकुनी देवळात २००५ मध्ये पालांचं स्मारक उभं राहिलं, ते या निकालाचा उरलेला अर्धा भाग तिथल्या काही मंडळींना फार सोयीचा म्हणून.

कासवाच्या पाठीवरचं कोरियन बळींचं स्मारक चुकवू नका. १९७० मध्ये उभारलेलं, पण उद्यानाच्या हद्दीबाहेर. आत यायला १९९९ उजाडलं.

घुमटाजवळ मोतोयासु नदीकाठी गांधीजींचा अर्धपुतळा आहे, २०२३ मध्ये बसवलेला. तो घडवला धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरच्या राम सुतारांनी, हे ऐकून मामाने कॅमेरा काढला. १९४६ च्या जुलैत गांधीजींनी 'हरिजन'मध्ये लिहिलं होतं की ज्यांच्यावर बॉम्ब पडला त्यांचा नाश दिसतोय, टाकणाऱ्या राष्ट्राच्या आत्म्याचं काय झालं ते कळायला अजून वेळ आहे. आणि आपण? हिरोशिमाचे महापौर दर अणुचाचणीनंतर त्या त्या देशाला निषेधाचं पत्र धाडतात. १९९८ च्या मे महिन्यात ते दिल्लीलाही गेलं होतं. त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत पेढे वाटले होते. मीही खाल्ला, आवडीने.

बुधवार, ओकुनोशिमा

हा दिवस माझ्या हट्टाचा. मिहारापर्यंत शिनकान्सेन, तिथून कुरे लाइनची समुद्राकाठची गाडी पकडून तादानोउमी, पुढे पंधराएक मिनिटं फेरी. बेटावर ससेच ससे. पायात येतात, पिशवीत तोंड घालतात. त्यांचा खाऊ बंदरावरच घ्या, बेटावर मिळत नाही. बहुतेक पर्यटक सशांसोबत फोटो काढून परत जातात.

१९२९ पासून या बेटावर जपानी सैन्याचा विषारी वायूचा कारखाना होता. मस्टर्ड, लुइसाइट, एकूण सहा हजार टनांहून अधिक. नकाशावरून बेट पुसून टाकलं होतं. हा वायू चीनमध्ये वापरला गेला. इथे राबणाऱ्यांमध्ये शाळकरी मुलंही होती, त्यांची फुप्फुसं आयुष्यभराची गेली. १९८८ मध्ये उघडलेलं छोटं संग्रहालय दोन खोल्यांचं, तिकीट किरकोळ. रबरी पोशाख, चिनी मातीची भांडी, कामगारांच्या नोंदी. वीजघराचा काळवंडलेला सांगाडा पुढे वाटेत लागतो. टोकियो खटल्यात या वायूचं प्रकरण आलंच नाही.

इथे मामाचा आवाज चढला. "हे बघ. यांनी हे केलं. आणि सगळं जग हिरोशिमाला रडतं!"

मला अंदमान आठवलं. सेल्युलर जेल बघायला आपण सगळे सावरकरांच्या कोठडीसाठी जातो. त्याच जेलमध्ये जपान्यांनी डॉ. दिवाणसिंग यांना हाल करून मारलं आणि ३० जानेवारी १९४४ ला होम्फ्रेगंजला ४४ जणांना गोळ्या घातल्या, हे किती जण तिथून वाचून येतात? त्यामुळे मामाचा राग मला परका नाही. पण ओकुनोशिमावर वायू भरणारे हात आणि ओरिमेनचा डबा यांचा हिशोब एका वहीत कसा मांडायचा? जनरलांच्या पापाची वसुली बारा-तेरा वर्षांच्या पोराकडून होत असेल तर होम्फ्रेगंजबद्दल आपण बोलायचं तरी कशाच्या जोरावर?

मामा परतीच्या फेरीत गप्प होता. समुद्र खवळलेला म्हणूनही असेल.

गुरुवार, हिजियामा आणि प्रवास

सकाळी हिजियामा टेकडी चढलो. वरून शहर वाटीसारखं दिसतं, तीन बाजूंनी डोंगर. १९४५ च्या मे महिन्यात अमेरिकेत लक्ष्यं निवडणाऱ्या समितीने हेच डोंगर जमेच्या बाजूला लिहिले होते: स्फोटाचा दाब एकवटेल, नासधूस वाढेल. क्योतोही त्यांच्या यादीत होतं. युद्धमंत्री स्टिमसन यांनी ते हट्टाने काढायला लावलं. अध्यक्ष ट्रुमन यांनी २५ जुलैच्या रोजनिशीत लिहिलं की लक्ष्य सैनिक असतील, बायकामुलं नाहीत. ९ ऑगस्टच्या भाषणात हिरोशिमाला लष्करी तळ म्हटलं. आणि "दहा लाख वाचले" हा आकडा रूढ झाला तो युद्धानंतर, १९४७ मध्ये, स्टिमसन यांच्या लेखामुळे.

मामाची बाजू मात्र कच्ची नाही, आणि टेकडीवर त्याने ती नीट मांडली. ओकिनावात एका बेटासाठी काय झालं? लाखभर नागरिक गेले. चीनमध्ये, आग्नेय आशियात माणसं रोज मरत होती, युद्ध लांबलं असतं तर तीही मोजायला हवीत. आणि हिरोशिमा बेचिराख झाल्यावरही ९ ऑगस्टला सर्वोच्च युद्धमंडळ शरणागतीच्या अटींवर तीन विरुद्ध तीन असं अडलंच होतं. मी म्हटलं, त्याच पहाटे रशियाने हल्ला केला होता, ते का विसरतोस? आणि मंडळ बसलेलं असतानाच नागासाकीची बातमी आली. त्यांना विचार करायला किती तास दिले?

नागासाकीला जाताना हाकातात गाडी बदला, मग ताकेओ-ओन्सेनला समोरच्याच फलाटावरून छोटी शिनकान्सेन मिळते. धावपळ करावी लागत नाही.

शुक्रवार, नागासाकी

दिवसभर पाऊस. नागासाकी म्हणजे चढउतार, म्हणून बूट चांगले हवेत.

स्टेशनसमोरच्या निशिझाका टेकडीवर १५९७ मध्ये क्रुसावर चढवलेल्या २६ जणांचं स्मारक आहे. त्यातले एक गोन्सालो गार्सिया, आपल्या वसईचे. त्यांचा पुतळा शोधून काढला. ज्यांचं शव जुन्या गोव्यात आहे ते झेवियर १५४९ मध्ये जपानला आले ते गोव्याहूनच निघून. त्यांच्या मागे उरलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी अडीचशे वर्षं धर्म लपवून ठेवला. हीच माणसं उराकामीच्या खोऱ्यात राहत होती. बंदी उठल्यावर त्यांनी स्वतःच्या कष्टाने मोठं चर्च बांधलं.

९ ऑगस्टला ११ वाजून २ मिनिटांनी त्या चर्चपासून साधारण ५०० मीटरवर प्लुटोनियमचा बॉम्ब फुटला. आत पाद्री लोकांची पापनिवेदनं ऐकत होते. परगण्यातल्या बारा हजारांपैकी साडेआठ हजार गेले. वर्षअखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १,४०,०००, इथे सुमारे ७४,०००. नेम इथेही हुकला होता, ठरल्या जागेपासून तीनेक किलोमीटर. ढग होते. चर्चच्या उतारावर घंटाघराचा कोसळलेला घुमट अजून पडून आहे तसाच. दारातल्या संतांच्या मूर्ती भाजून काळ्या पडल्यात, एकीला डोकं नाही. २०२५ च्या ९ ऑगस्टला दुसऱ्या मनोऱ्यात नवी घंटा वाजली, अमेरिकन कॅथलिकांच्या देणग्यांतून आलेली. बॉम्ब टाकणाऱ्या वैमानिकांचा तळ तिनियान बेटावर, तिथले कॅथलिक पाद्री जॉर्ज झाबेल्का पुढे आयुष्यभर सांगत फिरले की मी तेव्हा गप्प बसलो.

जवळच डॉ. ताकाशी नागाई यांची दोन चटयांची खोपटी आहे. बायको गेली, स्वतः रक्ताच्या कर्करोगाने अंथरुणाला खिळलेले, तिथे पडून लिहीत. उराकामी म्हणजे देवाने स्वीकारलेला बळी, असं ते म्हणाले. मला ही मांडणी झेपत नाही. बॉम्ब देवाकडे सोपवला की टाकणारे मोकळे आणि युद्ध लांबवणारेही. गंमत अशी, की त्यांचं पुस्तक १९४९ मध्ये छापू देताना अमेरिकन प्रशासनाने मनिलातल्या जपानी अत्याचारांची पुरवणी त्याला जोडायला लावली. मामाचा युक्तिवाद, छापील!

या शहरात मत मांडणं स्वस्त नाही. महापौर मोतोशिमा म्हणाले की युद्धाची जबाबदारी सम्राटावरही आहे, त्यांना १९९० मध्ये गोळी घातली. वाचले. याच जिल्ह्यातले संरक्षणमंत्री क्युमा २००७ मध्ये म्हणाले, बॉम्ब पडला त्याला इलाज नव्हता. त्यांचं मंत्रिपद गेलं. बॉम्बमधून वाचलेल्यांनी जपान सरकारवर भरलेल्या शिमोदा खटल्यात टोकियोच्या न्यायालयाने १९६३ मध्ये दोन्ही बॉम्ब आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विरुद्ध ठरवले, पण फिर्यादींना एक येन मिळाला नाही. हेगच्या न्यायालयाने १९९६ मध्ये अण्वस्त्रांचा वापर सामान्यतः बेकायदा म्हटला आणि राष्ट्राच्या अस्तित्वाचाच प्रश्न असेल तिथे हात वर केले.

चांपोन हे इथलं नूडल्सचं सूप शाकाहारी मिळणं अवघड. कास्तेला केक मात्र न्याच, पोर्तुगीजांनी शिकवलेला. तळाशी साखरेचे खडे असलेला घ्या.

संध्याकाळी छत्री मिटत मामा म्हणाला, "नागासाकी मी सोडला. तीन दिवसांत दुसरा टाकायची गरज नव्हती. हिरोशिमावर मात्र ठाम आहे."

शनिवार, कोकुरा

परतीचं विमान फुकुओकाहून रात्री, म्हणून वाटेत कोकुराला उतरलो. सामान स्टेशनच्या लॉकरमध्ये. ९ ऑगस्टला बॉम्ब इथेच पडायचा होता. विमानाने तीन फेऱ्या मारल्या. ढग आणि आदल्या दिवशी जाळलेल्या शेजारच्या याहाता शहराचा धूर, खाली काही दिसेना, इंधन संपत आलं आणि ते नागासाकीकडे वळलं. किल्ल्याला लागून कात्सुयामा बाग आहे. शस्त्रागार होतं ती ही जागा. बागेत स्मारक आहे, नागासाकीहून आलेली घंटा आहे आणि २०२२ मध्ये उघडलेलं संग्रहालयही. ओकुनोशिमाचा वायू तोफगोळ्यांत भरत तो याच कोकुराच्या सोने भागात.

"हे खरं लक्ष्य," मामा म्हणाला. "शस्त्रागार. इथे तरी तुझी हरकत नसावी."

"शस्त्रागारापुरता बॉम्ब असता तर नसती."

याकी-उदोन ही इथली खासियत, तव्यावर परतलेली जाड शेवई. ती खाता खाता मामाने कोंडीत पकडलं. १० मार्चच्या रात्री टोकियो जाळलं, साध्या आगलाव्या बॉम्बनी, एका रात्रीत लाखभर माणसं. नेम तिथेही घरांवरच होता. मग तुमची सगळी स्मारकं आणि सगळे अश्रू अणुबॉम्बच्याच वाट्याला का? तुझा आक्षेप किरणांवर आहे की नेमावर?

नेमावर, असं मी लगेच म्हटलं. पण मग टोकियोबद्दल मी आजवर कधी का भांडले नाही, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते मामाच्या लक्षात आलं. पुण्याला आल्यापासून आमचं त्यावरच चालू आहे. टोकियोच्या सुमिदा भागात योकोआमिचो बागेत त्या रात्रीच्या मृतांच्या अस्थी ठेवल्यात, र्योगोकू स्टेशनपासून चालत जाता येतं. पुढच्या वर्षी तिथे जायचा विचार आहे. कोणी जाऊन आलं असेल तर साधारण किती वेळ ठेवावा ते कळवा. मामाच्या गुडघ्यांना जिने चालत नाहीत, तेही सांगा.